माटोळीला बांधलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. दुकानात काचेआड मिरवणारा नव्हे, घरी केलेला. माझं अंग नारळाच्या करवंटीचं, तोंडाला चहाच्या फुटक्या गाळणीची जाळी आणि पोटात सावरीचा कापूस. ज्याने मला ऐकू येतं तो माझा खरा जीव हरभऱ्याच्या दाण्याएवढाच आहे. हल्ली मी कपाटावर बिस्किटांच्या डब्यात पडून असतो. माझ्या बोलण्यात कुरकुर जास्त वाटली तर वाटू दे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही केली असती.

मला सुमंगलाने घडवलं. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षाची ही गोष्ट. ती राहायला सर्वणला होती आणि डिचोलीच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायची. तिच्या घरी एक टेपरेकॉर्डर होता, आणि माझा जीव आधी त्याच्याच पोटात होता. पण तिथे मोटारीला खेटून बसल्यामुळे मला मोटारीची घरघरच फार. कोणी कितीही गोड गायलं तरी भाताच्या गिरणीत उभं राहून गायल्यासारखं टेप व्हायचं. सुमंगलाने मला तिथून उपसून काढलं, लांब वायर जोडली आणि एक पेन्सिल सेल दिला. आधी मला पावडरच्या डब्यात बसवून पाहिलं, तर आवाज पिंपातून आल्यासारखा. मग करवंटी मिळाली आणि माझं जमलं. विकतचा चांगला माइक त्या घराला झेपणारा नव्हता.

हा सगळा खटाटोप एका आवाजासाठी चालला होता. तिचे वडील सगुण, सगळे त्यांना आबा म्हणत, खाणीवर ट्रक चालवायचे. त्यांचे वडील दोडामार्गाकडून इथे आले आणि इथलेच झाले. वाड्यावरच्या गणेश चवथीच्या आरत्या आबांशिवाय उभ्याच राहत नसत. मातीचं घुमट मांडीवर घेऊन वाजवणारे पुष्कळ होते. पण त्या दणदणाटावर चढून ओळ उचलणारा गळा एकच. त्या गळ्यात गाठ झाली होती. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल आणि नंतर बोलता येणार नाही. आबा चवथ झाली की येतो म्हणून सांगून घरी आले.

सुमंगला त्यांच्या मागे लागली की आत्ताच एक आरती म्हणा, मी टेप करते. पण आबा कसले ऐकतात. चवथीच्या आरत्या चवथीलाच, देवापुढे. श्रावणात पडवीवर बसून त्या म्हणायच्या म्हणजे त्यांना पोरखेळ वाटायचा. मला तेव्हाही राग आला होता.

आता मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. जमिनीवर ठेवलं तर घुमट माझ्या कानठळ्या बसवणार, खिडकीत ठेवलं तर झांजा. आबा देवासमोर उभे राहून गायचे, म्हणून त्यांच्या डोक्याच्या थोडं वर, पुढच्या अंगाला मला टांगावं असं सुमंगलाने ठरवलं. पण तिथे तर माटोळी. गणपतीच्या वर बांधलेली ती लाकडी चौकट, नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, चिबूड आणि रानातली फळं यांनी लगडलेली. सुमंगलाच्या आईला, जानकीबाईंना, माटोळीत विजेची वस्तू मुळीच खपेना. तेव्हा आबांनीच मला हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि निकाल दिला की करवंटी आहे म्हणजे हा नारळच, बांधा. मी फुशारलो. दोन सोललेल्या नारळांच्या मध्ये मला बांधलं, वायर वाशावरून टेपरेकॉर्डरपर्यंत नेली, आणि सुमंगलाने खालून दोन शब्द बोलून खात्री केली. सगळं ठीक होतं.

तेवढ्यात शेजारचे गोकुळदास केळ्यांचा घड घेऊन आले. माणूस भला, पण हात जड. जागा करायला त्यांनी मला बाजूला रेटलं, वायरला हिसका बसला, आणि माझ्या पोटातला, तार जोडणारा सोल्डरचा एक डाग सुटला. मला कळलं, पण सांगू कोणाला? माझं कामच ऐकण्याचं.

पहिल्या दिवशीची आरती झाली. मित्रांनो, ती मी ऐकली. घुमटं घुमत होती, आणि आबांचा आवाज त्यातून असा वर आला की माझ्या शेजारचे नारळसुद्धा हलले असं मला वाटलं. तो माझ्या जाळीतून आत आला, कापसातून गाळून माझ्यापर्यंत पोचला, आणि सुटलेल्या तारेपाशी थांबला. खाली टेपची चाकं गरगर फिरत होती. आरतीनंतर सुमंगलाने कॅसेट लावली तर नुसती सूं.

तिने स्टूल ओढलं आणि माझी गाठ सोडायला हात वर केला. आबांनी तो हात धरला.

"ह्यो नारळ म्हणान बांधलो ना? मगे गणपती उठल्याशिवाय सोडूचो नाय."

सुमंगलाने समजावून पाहिलं. एकच डाग द्यायचा आहे, लगेच परत बांधते, कोणाला कळणारही नाही. जानकीबाईंचं मनसुद्धा विरघळलं होतं. आबा हलेनात.

"मगे तुमचो आवाज मी खयसून हाडू, आबा?"

आवाज कुठून आणू, असं तिने विचारलं तेव्हा आबांनी नुसती मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ज्याचा आवाज वाचवायचा तोच आडवा. नारळ म्हणून मला वर चढवलं आणि नारळ म्हणूनच अडकवलं. संतापाने मी नुसता लोंबत राहिलो.

सुमंगला स्वस्थ बसणारी नव्हती. बाजार चवथीसाठी बंद, दुसरा माइक मिळणं शक्य नाही. तिने घरचा रेडिओ उघडला, त्याचा स्पीकर काढून उलटा जोडला, कारण स्पीकरसुद्धा थोडंफार ऐकतो. त्याने ऐकलं ते फक्त घुमट. आबांचा आवाज त्याच्या लेखी नव्हताच. तिने तो स्पीकर कोपऱ्यात आपटला आणि पुन्हा उचलून रेडिओत बसवला. आणि मी वर टांगलेला, सकाळ-संध्याकाळ सगळं नीट ऐकत होतो.

पाचव्या दिवशी गणपती विसर्जनाला ओढ्यावर, आमच्या व्हाळावर, गेला. माणसं परत आली, माटोळी उतरवली, आणि सुमंगलाने सोल्डरची कांडी गरम करून मला क्षणात बरं केलं. तिने मला आबांसमोर धरलं. पण घरोघर आरत्या म्हणून आबांचा गळा पार बसला होता. तिने फक्त एक ओळ मागितली.

आबा हळूच म्हणाले, "गणपती गेलो. आता आरती कोणाफुडे म्हणू?"

आणि ते माटोळीची फळं वाटायला बसले. सुमंगलाने मला तसंच जमिनीवर ठेवलं. टेप बंद करायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. फाटक्या, खरखरीत आवाजात आबा एकेक फळ उचलून ते वाड्यावर कोणाला द्यायचं ते सांगत होते. हो नारळ गोकुळदासाक. केळी शिवदासागेर. चिबूड पोरांक. शेवटी त्यांनी मला उचललं. त्यांचं तोंड माझ्या जाळीला लागेल इतकं जवळ आलं.

"आणि ह्यो नारळ माझ्या चेडवाक."

चेडवाक, म्हणजे लेकीला. तेवढंच टेपवर आहे. आरतीचा एक शब्द नाही.

पुढच्या चवथीला आबा होते, आवाज नव्हता. मला बांधण्याआधी त्यांनी स्वतः माझी वायर ओढओढून पाहिली आणि सुमंगलाला खुणेने पुन्हा तपासायला लावली. मग घुमट मांडीवर घेतलं. कॅसेट सुरेख निघाली. फक्त जिथे आबा ओळ उचलत तिथे सगळे सवयीने थांबले आहेत, आणि मागे नुसतं त्यांचं घुमट वाजतं आहे. त्या जागी काय असायचं ते मी पाच दिवस ऐकलं आहे. मला ते देता येत नाही, याची चीड अजून गेलेली नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. माइक करवंटीचा करा नाहीतर डब्याचा, टांगण्याआधी त्याचे जोड ओढून पाहा, आणि गोकुळदासांना घड आधीच बांधू द्या. आणि ज्याचा आवाज हवा आहे त्याने गावं म्हणून सणाची वाट पाहत बसू नका. तो नारळ वाटत असेल, पेज मागत असेल, कोणावर ओरडत असेल, तेव्हाच बटण दाबा.

सुमंगला आता कधीतरीच डबा उघडते. ती कॅसेट लावते, शेवटचं वाक्य आलं की मला हातात घेते, आणि कॅसेट संपली तरी खाली ठेवत नाही.