दुप्पट दाट

दत्तात्रेयाने पिपेटने काचेच्या भांड्यातला थोडा माल ओढला, बर्फाच्या पाण्यात सोडला आणि ब्युरेटची तोटी फिरवली. थेंब पडू लागले. गुलाबी छटा येऊन टिकली, तसा त्याने आकडा टिपला. खाडीला ओहोटी लागली होती. खिडकीतून चिखलाचा वास येत होता.

"चाय पी," दारातून इसहाक म्हणाला. तो मोठ्या भांड्यावरचा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर.

"ठेव तिथं."

"कालची बी तशीच ऱ्हायली."

दत्तात्रेय या रंगांच्या कारखान्यातला केमिस्ट, किहीमच्या त्यांच्या आळीतला पहिला बी.एस्सी. धाकट्या भावाला, विठोबाला, त्यानेच इथे ऑपरेटर म्हणून लावलं होतं. गणपती झाल्यावर एका दुपारी मोठं भांडं उसळलं, फुटलं आणि विठोबा गेला. मॅनेजर वर्दे यांनी अहवालात लिहिलं की ऑपरेटरला झोप लागली असावी, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह त्याने उघडलाच नाही. इसहाक सगळ्यांना सांगत होता, मी आत धावलो तेव्हा व्हॉल्व्ह पुरता उघडा होता. पण पाणी चालू असतं तर माल एवढा तापलाच नसता, असं वर्दे म्हणाले. गावातही तेच पसरलं. आवडाबाईचा पोरगा कामावर झोपला.

तेराव्यानंतर दत्तात्रेय कामावर आला, तेव्हा वर्द्यांनी त्याला बोलावून घेतलं. नवं भांडं बसवून काम पुन्हा सुरू करायचं, तर ही प्रक्रिया किती वेगाने होते ते मोजायला हवं होतं.

"तुला नको असेल तर मुंबईहून कुणाला तरी बोलावतो."

"मीच करतो," दत्तात्रेय म्हणाला. आपल्याला काय वाटतंय, ते त्याने चाचपून पाहिलं. काही हाती लागलं नाही. हात मात्र चालत होते.

काचेच्या भांड्यात तो तीच दोन द्रावणं मिसळी, तापमान एकसारखं राखी आणि थोड्या थोड्या वेळाने नमुना काढी. बर्फात प्रक्रिया थिजते, त्यामुळे त्या क्षणी किती माल उरला होता ते कळतं. माल दुप्पट दाट केला तर वेगही दुप्पट होईल, असं कारखान्यात सगळेच धरून चालले होते. दिवाळीची मागणी आली तेव्हा वर्द्यांनी याच भरवशावर पाणी कमी करून दुप्पट दाट माल घालायला लावला होता. त्या दुपारी विठोबाच्या भांड्यात तोच होता.

पण मग लॉग घेऊन काढलेला आलेख सरळ यायला हवा होता; तो वाकत जाई. त्याने उरलेल्या मालाचे व्यस्तांक घेतले आणि पुन्हा ठिपके मांडले. ते पट्टीच्या कडेला मुकाट ओळीत बसले. म्हणजे वेग दाटपणाच्या वर्गाने वाढत होता. माल दुप्पट दाट, तर वेग चौपट आणि उष्णताही चौपट. त्याने द्रावण पातळ करून पाहिलं, तापमान बदलून पाहिलं, उत्तर हलेना. एवढी उष्णता भांड्याभोवतीच्या पाण्याने वाहून नेणं शक्यच नव्हतं. व्हॉल्व्ह पुरता उघडा असला तरीही.

आता रडू येईल, असं त्याला वाटलं. आलं नाही. त्याने ब्युरेट धुऊन उलटी टांगली.

वर्द्यांनी आलेख पाहिला. मग त्यांनी चष्मा काढला.

"पाणी चालू होतं तर."

"चालू होतं, साहेब."

"दाट माल घालायचा हुकूम माझा होता."

वर्द्यांनी चष्मा टेबलावर ठेवला.

"आजच दुसरा अहवाल पाठवतो. तो झोपला नव्हता, असं लिहितो."

"आणि हुकूम?"

"तेही लिहितो," वर्दे म्हणाले.

संध्याकाळी इसहाकही त्याच्याबरोबर किहीमला आला. दत्तात्रेयाची आई, आवडाबाई, ओटीवर खराट्यासाठी माडाच्या झावळीचे हीर काढत बसली होती.

"आये, इठू झोपला नव्हता."

"मावशी, मी सांगत व्हतो ना!" इसहाक म्हणाला. "वॉल खोलून तो तिथंच उभा व्हता, शेवटपावतर. आता कुनाची टाप न्हाय त्याला नावं ठेवायची."

आवडाबाईचा कोयता थांबला.

"झोपला नव्हता?"

"न्हाय."

"म्हंजे जागा व्हता."

"व्हय, आये."

"मी आपली म्हनत व्हते, झोपंतच गेला आसंल. पोराला कललं बी नसंल."

गाव नावं ठेवी तेव्हा ही एका शब्दानेही का भांडत नसे, ते दत्तात्रेयाला आता समजलं.

"लय येल लागला काय रं त्याला?"

ते त्याला माहीत होतं. आकड्यांवरून काढता येत होतं आणि त्याने ते काढलंही होतं. व्हॉल्व्ह उघडून उभ्या असलेल्या माणसाला, तापमानाचा काटा थांबत नाही हे किती वेळ दिसत राहिलं असेल, ते.

"न्हाय, आये," तो म्हणाला. "लगेच झालं."

इसहाक अंगणाकडे बघू लागला.

आवडाबाईने मान हलवली आणि कोयता पुन्हा उचलला. दिवेलागणीला तिने हिरांची जुडी बांधायला घेतली, पण गाठ सुटत होती. दत्तात्रेय पुढे सरकला. त्याने जुडी दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि तिने दोरी आवळली.