बाळ्याच्या यंत्राचा ठसा

दादाचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. घड्याळ उघडलं की कुठलं चाक कुठे अडलंय ते निदान दिसतं तरी. पण ताईने घरात बसवलेलं हे फाइलींचं प्रकरण म्हणजे त्याला निव्वळ आंधळी कोशिंबीर वाटे. घरचे सगळे कागद तिने तुकडे करून तिघा भावंडांच्या यंत्रांवर वाटून ठेवले होते. कुठलीही दोन यंत्रं जोडली की कागद पुरा होतो म्हणे. म्हणजे फाइल सगळीकडे आणि कुठेच नाही. हे काय त्रांगडं आहे, ते त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

आज आई हॉस्पिटलात होती. गाठ जुनी आहे की नवी, ते तिच्या जुन्या स्कॅनवरून बघूनच सर्जन कापायचं की नाही ठरवणार होता. तो स्कॅनही त्या तुकड्यांतच, आणि ताईचं यंत्र नेमकं जळालेलं. उरलं धाकट्या बाळ्याचं. दादाने जोडणी सुरू केली, तर पडदा लालेलाल. पलीकडचं यंत्र ओळखीचं नाही, मध्ये कुणी तोतया असू शकतो, पुढे जायचं का?

त्याने ताईला फोन लावून पडद्यावरचं वाचून दाखवलं. "दाबू का 'हो'?"

"मुळीच नको. त्याने यंत्र बदललं असणार. प्रत्येक यंत्राचा आकडे-अक्षरांचा एक ठसा असतो. बाळ्याला फोन कर, तो वाचेल, तू तुझ्या पडद्यावरच्याशी जुळव. मग दाब."

"तूच मेसेजवर मागव की."

"मेसेज कुणीही पाठवेल रे. आवाज ओळखीचा लागतो. मी त्याला सांगून ठेवते."

इथेच घोडं पेंड खात होतं. दादाने आईला आपल्याकडे आणलं, तेव्हा "तू तिला माझ्यापासून तोडलंस," असं बाळ्या म्हणाला होता आणि दादाने त्याला दार दाखवलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. पण अडला हरी. त्याने नंबर लावला.

"बोल," बाळ्या म्हणाला. आवाज अगदी बाबांसारखा झाला होता.

"ठसा वाच," एवढंच तो म्हणाला.

"सात. एफ. तीन. ए..."

दादा डोळ्याला भिंग लावून एकेक अक्षर जुळवत होता. सी की ई, असा मध्येच गोंधळ उडाला. अखेर सगळं जुळलं. त्याने 'हो' दाबलं, लाल रंग गेला, स्कॅन उतरला आणि त्याने तो लगेच सर्जनला पाठवूनही दिला.

आता फोन ठेवायला हवा होता. दादाला तो ठेववेना.

"मधलं काही कळलं नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून वाच."

"दादा, फाइल तुला पोचल्याचं मला इथे दिसतंय."

दादा कानकोंडा झाला. फोन तसाच कानाला धरून बसला.

"वाचतो," बाळ्या म्हणाला. "सावकाश वाचतो. सात. आई कशी आहे? एफ."