तीच ओळ, किती वेळा?

आमच्या सासूबाई शास्त्रीय गातात. लग्नानंतर बरीच वर्षं मी त्यांच्या महिन्याच्या बैठकीला तोंडाला कुलूप लावून बसायचे. माझं ब्युटी पार्लर. दिवसभर जिभेला विश्रांती नाही. पण गाण्याच्या खोलीत मंडळी असे चेहरे करून बसत, की शिंकायलाही परवानगी मागावी.

हळूहळू ही मंडळी कमी होत गेली. कोणाचे गुडघे धरले, कोणी मुलांकडे राहायला गेलं. गेल्या महिन्यात ऐकायला तिघंच होतो, त्यात मी आणि नवरा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "पुढची बैठक शेवटची. रिकाम्या सतरंजीसमोर गाववत नाही गं." गळा इतका ठणठणीत असताना बाई गाणं सोडणार, हे मला काही केल्या पटेना.

मी पार्लरमध्ये येईल तिला गळ घातली. केसांना रंग लावलेला असताना बाईला उठून पळता येत नाही, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा. बैठकीला खोली भरली. नवरा कानाशी पुटपुटला, "ही काय पलटण आणलीस?"

सासूबाईंनी बंदिश सुरू केली. तिच्यातली बाई आपल्या माणसाला घरी बोलावते, एवढीच ओळ. बराच वेळ तीच ओळ. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला राहवेना.

"काकू, रागावू नका, पण एकदा सांगितलं ना त्याला ये म्हणून? किती वेळा तेच?"

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. तबलजींचा हात थांबला.

सासूबाईंनी विचारलं, "लेकाला जेवायला बोलावताना किती हाका मारतेस?"

"घसा बसेपर्यंत!"

"सगळ्या सारख्याच?"

"छे! पहिली लाडाची. मग जरा चढ्या आवाजात. शेवटची ऐकून शेजारचासुद्धा हात धुऊन बसतो."

"मग मी दुसरं काय करतेय?" असं म्हणत त्यांनी तीच ओळ लाडात गायली, मग रुसून, मग अशी दरडावून की बेकरीवाली ओरडली, "आता येतोय बघा तो!"

तबलजीही रंगात आले. "बाई कितीही भटकल्या, तरी ठेका फिरून पहिल्या मात्रेवर आला की घरी पोचतात. तिला सम म्हणायचं. पकडा बघू."

सगळ्या जणी दबा धरून बसल्या आणि एक मात्रा आधीच टाळी दिली.

"लवकर पोचलात," तबलजी म्हणाले. "चहा टाका, बाई येतातच."

सासूबाईंची तान हसण्यात वाहून गेली. पुढच्या फेरीला मात्र टाळी नेमकी समेवर पडली. मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं या घरात राहून मीही सम पहिल्यांदाच पकडली होती. बेकरीवालीचे उपकार कसे फेडू? जे विचारायची माझी कधी छाती झाली नाही, ते तिनं सहज विचारून टाकलं होतं.

बैठकीचा शेवट भैरवीनं करतात. त्यानंतर काही गात नाहीत. तबलजी तबला जुळवून वाट बघत बसले. आईची शेवटची भैरवी म्हणून नवऱ्याचे डोळे आधीच भरले होते.

सासूबाईंनी तंबोरा खाली ठेवला.

"आज भैरवी नाही," त्या म्हणाल्या. मग बेकरीवालीकडे वळल्या. "पुढच्या महिन्यात काय विचारणार आहेस, ते आत्ताच सांगून ठेव. मला तयारी करायला हवी."