कचरूची लाईन

मुलांनो, छावणीमागची एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. एका गच्चीवर केबलची मोठी छत्री आहे. तिच्यातून निघालेली काळी वायर छपरांवरून गल्लीच्या टोकापर्यंत गेली आहे. वाळूजला कारखाने आले, हातात पगार आले, घरोघर टीव्ही आले. ज्याच्या वायरीवर जास्त घरं, त्याची महिन्याची कमाई जास्त. चॅनलवाले वरून दर वाढवत, म्हणून देशभर केबलवाले घरांसाठी एकमेकांची डोकी फोडत होते.

ही लाईन कचरूची. त्याची मुलगी पुतळा पाचवीत होती. नाल्यापलीकडे अप्पारावची लाईन होती आणि त्याला ही गल्लीही हवी होती.

विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं, कचरूच्या समाजाची जुनी मागणी मान्य झाली. शहरात कुठे गुलाल उधळला, कुठे दगड उडाले. त्या गोंधळात अप्पारावची माणसं लोखंडी गज घेऊन कचरूच्या गच्चीवर चढली.

"काय रे कचऱ्या, नाव मिळालं ना तुम्हाला? आता लाईन सोड!"

"नाव विद्यापीठाला मिळालं, भाऊ. लाईन माझ्या घामाची हाय."

गज खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पुतळानं जिन्यातून ऐकला. मग त्यांनी त्याला लाथा घातल्या, तोंडातून रक्त येईपर्यंत. वायर तोडून ते उतरले. जाताना गल्लीच्या टोकाला त्यांनी तीच वायर विजेच्या तारेला जोडून दिली. कचरूला ते कळलं नाही.

"आबा, दवाखान्यात चला."

"आधी जोड मारतो. आज चित्र आलं नाय तर उद्या ही घरं अप्पारावची. मग खाशील काय?"

केबलवाले वायर दातांनी सोलतात. कचरूचा एक हात लोंबत होता. त्यानं गल्लीकडून आलेलं टोक दातांत धरलं.

त्याचं अंग ताठ झालं. डोळे पांढरे झाले. ओठांतून धूर निघाला. पुतळानं बापाला हात लावला नाही. तिनं कपडे वाळत घालायचा वेळू उचलला आणि सगळा जीव एकवटून वायरीवर हाणला. वायर सुटली, कचरू कोसळला. तो श्वास घेत होता, पण ओठ जळून काळे पडले होते.

तेवढ्यात खाली कुठंतरी टीव्ही फुटला. एक बाई किंचाळली. पुतळाच्या लक्षात आलं, वीज घराघरांत शिरली आहे. चित्र गेलं की लोक मागची वायर हलवून बघतात.

ती उठली. कचरूनं तिचा फ्रॉक घट्ट धरला. त्याला बोलता येत नव्हतं, तो नुसती मान हलवत होता: नको. घरांनी वायर काढली, तर उद्या ती अप्पारावचीच लावणार.

पुतळानं त्याची बोटं एकेक करून सोडवली. धावत जिना उतरली आणि पहिलंच दार दोन्ही हातांनी बडवलं.

"वच्छलामावशी, टीव्हीला हात लावू नका! भिंतीवर येणारी वायर काठीनं ओढून तोडा, लवकर!"

मग ती पुढच्या दाराकडे पळाली.