पार्श्वभूमीतलं नाव

तीस वर्षं मी आकाशातून नावं वजा करण्याचा पगार घेतला. उपग्रहावरच्या दुर्बिणीने टिपलेले गॅमा किरण पुण्यात माझ्या संगणकावर यायचे. त्यातून आपल्या आकाशगंगेचे बाजूला काढायचे, मग ओळख पटलेल्या दूरच्या दीर्घिकांचे. एवढं करूनही चारी दिशांना मंद असं काहीतरी उरतंच. त्याला पार्श्वभूमी म्हणतात. ती म्हणजे धुकं नव्हे, एकेकट्या दिसणार नाहीत इतक्या मंद दीर्घिकाच त्यात बहुतेक असणार, असं मी बैठकांतून तावातावाने सांगायचे. या सगळ्यात लग्न राहून गेलं.

निवृत्त झाल्यावर गोव्यात आमच्या गावी, पार्सेला आले, दोन खोल्या घेतल्या. भाऊ सगुण वास्कोला बंदरात कामाला, त्याचा फोन चतुर्थीला येतो. रोज माझ्याशी बोलतो तो पाव घेऊन येणारा पोदेर, तोही ‘किती?’ एवढंच.

देवळातलं वर्षाचं गाऱ्हाणं जवळ आलं होतं. बाबुराव गावकर देवापुढे नारळ ठेवून एकेका घराचं नाव घेतो आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शेवटी उरल्यासुरल्या लेकरांना सांभाळ म्हणतो, की संपलं. एकदा तरी ‘पद्मावती’ असं माझं नाव कुणी मोठ्याने घ्यावं, असं मला फार वाटत होतं. बाबुराव शाळेत माझ्याच वर्गातला, म्हणून सरळ त्याच्याकडे गेले.

“सगुणाचा घर घेतंय मां, तेतूच तू इलंस,” तो म्हणाला.

“सगुणाचा घर सगुणाचा. माझा वेगळा घे.”

“बाय, चेडवाचा घर घोवाच्या नावान. तुझा लगीन नाय, नाव खंयच्या घरात घालू?”

“ता तू बघ. पण उरल्यासुरल्यांत ढकलू नको माका. जल्मभर तेंचाच काम केलंय मी.”

त्याने डोकं खाजवलं. “नाव घेतंय. नक्की.”

गाऱ्हाण्याच्या सकाळी मी ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी देवळात हजर. घरं एकामागून एक झाली, सगुणाचंही झालं. यादी संपली तशी मी मनातल्या मनात बाबुरावला शिव्या घालायला सुरुवात केली.

तेवढ्यात त्याने आवाज खाली आणला. आता वंश बुडालेली घरं, ज्यांच्या नावाने दिवा लावायला मागे कुणी नाही अशी. विठ्ठल, माझ्या जन्माआधी गेलेला. शेवंती, जिची मी तिरडी पाहिली होती. आणि मग, स्वच्छ, खणखणीत: “पद्मावती!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मेल्याच्या तोंडावर शब्द पाळल्याचा आनंद होता. बिनघराचं नाव ठेवायला त्याला सगळ्या गाऱ्हाण्यात ती एकच जागा सापडली होती.

मला संताप यायला हवा होता, मी जन्माची चिडकी. पण तोवर सगळ्यांबरोबर मीही ‘व्हय म्हाराजा’ म्हणून बसले होते.