काडीचा तिसरा प्रयत्न

वजन करणाऱ्या बाईंनी तिच्या मागे पाहत विचारलं, "खेळाडू कुठाय?"

ती म्हणाली, मीच. बाईंनी चष्म्यावरून एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काट्याकडे बोट केलं. चव्वेचाळीस किलो शंभर ग्रॅम. गट सत्तेचाळीस किलोपर्यंतचा, बायकांचा सगळ्यात खालचा. बाकीच्या आठजणी गटात बसण्यासाठी कालपासून पाण्याचा घोटही मोजून घेत होत्या. हिला कोणी खाऊ नको म्हटलं नव्हतं, तरी तिचा डबा तसाच बंद होता.

जिममध्ये तिला सगळे काडी म्हणत. सुरुवातीला काडीपैलवान म्हणायचे, मग आळसाने पैलवान गळला. वय एकतीस. मनगट इतकं बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला दोन जादा भोकं पाडून घ्यावी लागली होती. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची, मुंगीएवढे स्क्रू पिळायची. संध्याकाळी जिममध्ये जाऊन स्वतःच्या दुपटीपेक्षा जास्त वजन जमिनीवरून उचलायची. दुकानाच्या मालकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी थट्टाच समजून तिला चहा पाजला होता.

तिचे बाबा मात्र हसले नव्हते. त्यांनी सव्वीस वर्षं गोदामात हमाली केली होती. एका सकाळी पाठीवर पोतं असतानाच त्यांच्या कमरेत काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. खाली जमीन ओली होती, पोतं टाकलं असतं तर माल भिजला असता, म्हणून तशाच कमरेने ते पंधरा पावलं चालले. त्यानंतर चार महिने अंथरुणावर. तेव्हापासून कमरेला पट्टा बांधल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठता येत नव्हतं. मुलगी हौसेने वजन उचलते हे त्यांच्या डोक्यात शिरायचंच नाही. मी ओझी वाहिली ती तुझ्या पाठीवर ओझं येऊ नये म्हणून, एवढंच ते म्हणत आणि विषय मिटवत.

तीन आठवड्यांपूर्वी सराव करताना ती खांद्यांवर वजनांचा बार घेऊन खाली बसली ती वर आलीच नाही. दोन्ही बाजूंच्या लोखंडी आडव्या दांड्यांनी बार झेलला, पण त्याआधी क्षणभर तो तिच्या मानेखाली रुतला. पाठीवर आडवा निळा वळ उमटला. ती केस पुसत असताना बाबांना तो दिसला. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोललेच नाहीत. तीन आठवडे एका घरात राहून बापलेक आईमार्फत बोलत होते.

त्या दिवसापासून तिला खाली जायची भीती बसली. बार खांद्यावर घेताना नाही, उभं असताना नाही; फक्त अगदी तळाशी, जिथून वर यायचं असतं तिथे. गुडघे वाकले की आतून कोणीतरी म्हणायचं, पुरे, इथूनच फिर.

मॅडमना हे कळलं होतं. मॅडम म्हणजे तिला शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. स्पर्धेत आधी स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यांवर घेऊन बैठक; मग बेंच प्रेस, बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा; शेवटी डेडलिफ्ट, बार जमिनीवरून उचलायचा. प्रत्येकात तीन प्रयत्न. तिन्ही फसले तर तिथेच बाहेर, पुढचं काही खेळायलाच मिळत नाही. शिवाय एकदा सांगितलेलं वजन नंतर कमी करता येत नाही. म्हणून मॅडमनी सुरुवातीला पंच्याऐंशीच किलो लिहिले. सरावात तू हे पाचदा सलग केलंयस, असं त्यांनी तिला सकाळपासून तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिची भीती उलट वाढली.

नाव पुकारलं गेलं. खडूची पूड तळहातांना चोळत ती पुढे आली आणि तिसऱ्या रांगेत बाबा दिसले.

इस्त्रीचा सदरा, त्यावरून बांधलेला कमरेचा पट्टा, मांडीवर हात. आईने सांगितलं असणार. ते हसले नाहीत, हात हलवला नाही. तिने नजर वळवली, बारखाली शिरली, मागे दोन पावलं घेतली. पंचांनी खूण केली. ती खाली गेली, वर आली, हलकं वाटलं. तीन पंचांचे तीन दिवे लागले आणि तिन्ही लाल, म्हणजे प्रयत्न बाद. बैठक पुरेशी खोल नव्हती. कंबर गुडघ्यांच्या खाली जायला हवी, ती बोटभर वरच राहिली होती.

"बोटभर नाही, चांगली चार बोटं," मॅडम म्हणाल्या. "फिरू नकोस मधूनच."

दुसऱ्या प्रयत्नाला तिने ठरवून स्वतःला खाली ढकललं. इतकं खाली की तळाला पोचताच अंग सैल पडलं. तोच तो क्षण. मानेखाली लोखंड, कानात स्वतःच्या रक्ताचे ठोके. तिने जोर लावला तर बार उलट तिलाच दाबू लागला. दोन्हीकडच्या मदतनिसांनी तो धरला आणि जागेवर नेऊन ठेवला. तेवढ्यात प्रेक्षकांत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठून थेट कठड्यापर्यंत आले होते आणि एक कार्यकर्ता त्यांना दंडाला धरून थांबवत होता.

तिसऱ्या प्रयत्नाला सात-आठ मिनिटं होती. मागच्या खोलीत ती बाकावर जाऊन बसली. बाबा कोणाला न जुमानता आत आले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलले.

"चल घरी."

तिने तळहातांवरची खडूची पूड झटकली.

"झालं ना. दोनदा बघितलं मी. आता तिसऱ्यांदा नको. तुझ्यावर कोणाची जबरदस्ती आहे का?"

मॅडम मध्ये पडल्या नाहीत. पाठ करून त्या पाण्याची बाटली उघडू लागल्या.

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरची भीती नेमकी तिच्या पोटातलीच होती, ती तिला ओळखू आली. दोघांची मिळून भीती तिला एकटीला उचलायची होती, आणि तेवढं काही तिला झेपणार नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन थांबा. तुम्ही समोर असलात तर मला नीट खाली जाता येत नाही."

बापाला कोणी असं सांगत नाही. तिने तर आजवर त्यांना पंख्याखालून सरका असंही सांगितलं नव्हतं.  बाबांनी पट्टा वर ओढला आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू दाराबाहेर गेले. त्यांची पाठ बघताना तिला वाटलं, आत्ताच हाक मारावी. तिने मारली नाही.

मॅडमनी तिच्या कमरेचा, वजन उचलताना बांधायचा पट्टा आवळला. एकच गोष्ट सांगितली: तळाला पोट सोडू नकोस, श्वास तिथेच धर, वर आल्यावर सोड.

ती पुढे आली. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.  तिने पोटात श्वास भरून घेतला. खाली जाताना आतला आवाज पुन्हा म्हणाला, पुरे. ती गेली. अजून खाली. मांड्या पोटऱ्यांना टेकल्यासारख्या झाल्या, आणि ती वर निघाली. अर्ध्यात बार थांबला. सगळं सभागृह थांबलं असावं, पण तिला फक्त समोरच्या भिंतीवरचा विजेचा खटका दिसत होता. खटका हलेना. मग किंचित खाली सरकला. अजून सरकला. ती उभी होती.

दोन पांढरे, एक लाल. दोन पुरेसे होते.

मॅडमनी तिच्या डोक्यावर टपली मारली, एवढाच त्यांचा आनंद. ती तशीच, कमरेचा पट्टाही न सोडता, दाराबाहेर धावली. बाबा जिन्याच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"झालं," ती म्हणाली.

"कळलं. या खेपेला धावपळ ऐकू आली नाही. बार जागेवर बसल्याचा आवाज वेगळा येतो." थोडं थांबून ते म्हणाले, "खाली गेली होतीस ना नीट?"

ती हो म्हणाली. आत येऊन बसा, असं तिने सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला बघवत नाही, तू जा, म्हणाले.

बेंच प्रेस बिनबोभाट पार पडलं. डेडलिफ्टमध्ये शंभर आणि एकशे दहा निघाले. शेवटच्या प्रयत्नाला मॅडमनी एकशे पंधरा लिहिले. ते निघाले तर तिसरा क्रमांक. ती वाकली, बार धरला आणि तेव्हा तिला दिसलं की बाबा दारात उभे आहेत. यावेळी तिने नजर वळवली नाही. बार जमिनीवरून सुटला, नडग्यांवरून गुडघ्यांपर्यंत आला, आणि बोटं एकेक करून उघडू लागली. तिने सोडला. धाडकन आवाज झाला, तीन लाल दिवे लागले. चौथा क्रमांक.

वाईट वाटलंच. तळहाताची साल निघाली होती आणि सोमवारी त्याच हाताने स्क्रू पिळायचे होते. खुर्चीत बसून ती जखमेवर फुंकर घालत होती तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. पुढच्या गटातल्या बायकांचं उचलणं पाहू लागले. एकीच्या हातून बार निसटला. ती हसत हसत बाजूला झाली, आणि मदतनीस वजनं पुसू लागले.

"हे सोडता येतं की," बाबा म्हणाले.

"हो. कधीही."

"आणि कोणी काही बोलत नाही?"

"लाल दिवा लागतो. बाकी काही नाही."

 बाबांनी तिचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, निघालेली साल नखाने अलगद बाजूला केली आणि मॅडमना विचारलं की इथे कुठे कापूस मिळेल का.