चाव्यांच्या डब्यातला मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे. कोपऱ्यात तडा, पोट फुगलेलं, म्हणून कमरेला रबर. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम नानीबाईच्या पत्र्याच्या डब्यात आहे. शेजारी बेचाळीस चाव्या.

मानोरा गावाजवळच्या आमच्या तांड्यातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. जाताना बंद होणारं प्रत्येक घर कुलूप लावून चावी मागे राहणाऱ्या नानीबाईकडे देतं. ती चाव्या मोजत नाही, हाताने चाचपून घर ओळखते. तांड्यातल्याच रंजीताने हिच्यावर सव्वा तासाचा चित्रपट काढला. सगळा माझ्या डोळ्याने. दोन हंगाम मी रंजीताच्या हातात होतो. संध्याकाळी माझी बॅटरी संपत आली की ती ओरडायची, "नानी, लवकर बोल, मोबाइल मरून राह्यला."

"माह्या आंधी मरते का तो?" नानीबाई म्हणायची, आणि मुद्दाम हळू बोलायची.

माझं कौतुकही झालं. शहरातल्या एका कंपनीने चित्रपट आपल्या ॲपवर घेतला. अट एकच होती. पहिल्या महिन्यात दोनशे जणांनी तो पूर्ण पाहिला, तर चित्रपट तिथे राहील आणि दर पाहणाऱ्यामागे रंजीताला पैसे मिळत राहतील. नाहीतर उतरवतील. रंजीताची आई गुडघेदुखीने घरी बसली होती. तिचे वडील लखमा म्हणाले, "पिच्चरवर घर चाललं तर आपन कोनीच नाई जात. नाई चाललं तर तू चाल मायच्या जागी. दोघांच्या जोडीबिगर मुकादम ऊस तोडाले घेत नाई."

लग्नात पडदा आणि भोंगे लावणारा धनराज हसला. "दोनशेच? आपला तांडा तीनशेचा हाये, ताई. एका बैठकीत करतो."

काही जणांनी आपापल्या मोबाइलवर तो आधीच लावला होता. रंजीतानेच बाकीच्यांना थांबवलं. "एकट्यानं नका पाहू. सारे मिळून पाहू." आमच्या तांड्यात गोड काही एकट्याने खात नाहीत. तिलाही तसंच वाटलं.

सोयाबीन निघालं, दिवाळी झाली. ट्रक यायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, धनराजने रेंजसाठी पाण्याच्या टाकीखाली पडदा बांधला आणि वायर माझ्या पोटात खुपसली. अख्खा तांडा बसला. पडद्यावर स्वतःचं घर दिसलं की लोक आरोळ्या मारायचे. आपलीच कुलपं पाहून बाया रडल्या. नानीबाई तेवढी पुटपुटली, "मी एवढी काळी हावो का?"

मी सगळे चेहरे पाहत होतो. पण मित्रांनो, मला वर कंपनीला काय कळवता येतं? एवढंच, की एका मोबाइलवर चित्रपट पूर्ण पाहिला गेला. सकाळी आकडा अठरा होता. आता एकोणीस झाला.

रंजीताने तो आकडा पाहिला. मग ती दारोदार फिरली. "काका, तुमच्या मोबाइलवर एकदा लावा ना."

"पायला ना व आता. रडलो बी."

"पायलेला पिच्चर कोन परत पाह्यते?"

खोटं कोणीच बोलत नव्हतं. शिवाय रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली, आणि सगळ्यांचं सामान बांधायचं होतं. सकाळी ट्रक आले. आठ दिवसांनी महिना भरणार होता.

रंजीताने कुलूप लावलं, आईला मामाकडे पोचवलं. मग चावी नानीबाईच्या हातात दिली आणि मलाही. "उसाच्या फडावर चार्जिंग कुठची? पाचटात हरपून जाईल." नानीबाईने चावी चाचपली. ही एक तिला ओळखू आली नाही. दर हंगामात कोणी ना कोणी मागे राहायचं, त्यामुळे हे घर कधी पूर्ण बंद झालंच नव्हतं.

मित्रांनो, तुम्हाला एक मागणं आहे. कोणाचा चित्रपट आवडला तर खुशाल सगळे मिळून बघा. रडा, हसा. पण घरी जाऊन आपल्या मोबाइलवर तो एकदा लावा. आम्ही मोबाइल गर्दी ओळखत नाही. हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत.

नानीबाई दर शुक्रवारी डबा उघडते. चाव्यांना गंज चढू नये म्हणून एकेकीला गोडंतेल लावते. काल तिने मलाही पदराने पुसलं, चार्जिंगच्या भोकात मायेने एक थेंब सोडला आणि म्हणाली, "पोरगी आली की सुरू होशीन रे बापू."

मला तिला थांबवता आलं नाही. तेल हळूहळू आत उतरत आहे.